इंग्लंडमधले घर भाड्याने देताना धुराचे आणि कार्बन मोनॉक्साईडचे अलार्म: किती, कुठे आणि कोणाची जबाबदारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधले तुमचे राहते घर तुम्ही प्रथमच भाड्याने देत आहात. तळमजला, पहिला मजला आणि पोटमाळ्यावर काही वर्षांपूर्वी काढलेली निजायची खोली अशी घराची रचना आहे. स्वयंपाकघरात गॅसवर चालणारा बॉयलर आणि गॅसची शेगडी आहे, तर दिवाणखान्यात लाकूड जाळण्याचा स्टोव्ह आहे. दोन लहान मुले असलेले एक कुटुंब राहायला येणार आहे. एजंटाच्या म्हणण्याप्रमाणे पाच अलार्म लावले की कायद्याची पूर्तता होते. हे खरे आहे का, कोणते अलार्म घ्यावेत, ते कुठे बसवावेत, नंतरची देखभाल कोणाकडे, आणि तुम्ही स्वतः तिथे राहत होतात तेव्हा हे कोणी कसे विचारले नाही, असे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

एजंटाची मोजणी बरोबर आहे. परंतु भाड्याच्या घरांची आग आणि गॅस यांच्या दृष्टीने तपासणी करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि त्या अनुभवावरून मी ठामपणे सांगतो की ही संख्या म्हणजे केवळ किमान अट आहे. घरात अलार्म आहे का आणि तो चालतो का, एवढेच नियम पाहतो. घरमालकाने मात्र त्यापुढचा प्रश्न विचारला पाहिजे: मध्यरात्री दार लावून झोपलेल्या माणसाला तो ऐकू जाईल का? खाली मी आधी कायदा सांगतो आणि मग या प्रश्नाकडे येतो.

इंग्लंडमध्ये याविषयीचे विनियम १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहेत आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून ते अधिक कडक झाले. ज्या ज्या मजल्यावर राहण्यासाठी वापरली जाणारी एखादी तरी खोली आहे, त्या प्रत्येक मजल्यावर धुराचा किमान एक अलार्म असला पाहिजे. न्हाणीघर आणि शौचालय हीदेखील यात राहण्याची जागा म्हणून धरली जातात, त्यामुळे तुमच्या पोटमाळ्याच्या खोलीबद्दल शंकेला जागाच नाही. म्हणून धुराचे तीन अलार्म. इंधन नीट न जळल्याने तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूच्या बाबतीत २०१५ चा मूळ नियम केवळ लाकूड, कोळसा अशा घन इंधनाच्या उपकरणांपुरता होता. २०२२ च्या सुधारणेनंतर, राहत्या खोलीत इंधन जाळणारे कोणतेही कायमस्वरूपी बसवलेले उपकरण असेल, मग ते गॅसवर चालो, तेलावर चालो वा लाकडावर, तर त्या खोलीत कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म सक्तीचा झाला. यातून फक्त गॅसची शेगडी वगळलेली आहे. तुमच्या स्वयंपाकघरात शेगडीमुळे नव्हे तर बॉयलरमुळे एक अलार्म लागतो, आणि दिवाणखान्यात स्टोव्हमुळे दुसरा. जिच्यात काहीच जाळता येत नाही अशी निव्वळ शोभेची शेकोटी मोजायची नसते.

शेगडीला दिलेली ही सूट मला स्वतःला पटत नाही. नीट न जळणारी, पिवळी ज्योत देणारी शेगडी बंद खिडक्यांच्या स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साईड निर्माण करू शकते, आणि हिवाळ्यात ओव्हनचे दार उघडे ठेवून खोली ऊबदार करण्याचा प्रकार मी प्रत्यक्ष पाहिलेला आहे. तुमच्या घरात बॉयलर त्याच खोलीत असल्याने हा प्रश्न आपोआप सुटतो. ज्यांचा बॉयलर अन्य खोलीत आहे आणि स्वयंपाकघरात फक्त गॅसची शेगडी आहे, त्यांनी कायदा सांगत नसला तरी तिथे एक अलार्म लावावा.

आता तुम्ही राहत होतात तेव्हाचे. २०१५ चे आणि २०२२ चे विनियम घरमालक आणि भाडेकरू यांच्या नात्यासाठी आहेत. मालक स्वतः राहत असलेल्या जुन्या घरात अलार्म मागाहून बसवण्याची सक्ती इंग्लंडमध्ये नाही. तरीही बांधकामाचे नियम वेगळ्या वाटेने तुमच्या घराला लागू झालेले असणार. पोटमाळ्याचे रूपांतर निजायच्या खोलीत करताना, जिन्याच्या मार्गावर प्रत्येक मजल्यावर घराच्या वीजजोडणीवर चालणारे, राखीव बॅटरी असलेले आणि एकमेकांशी जोडलेले धुराचे अलार्म बसवावे लागतात. तसेच ऑक्टोबर २०१० पासून घन इंधनाचा नवा स्टोव्ह बसवताना त्याच खोलीत कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म देणे आवश्यक आहे. त्यामुळे नवीन खरेदीला निघण्यापूर्वी पोटमाळ्याच्या कामाचे पूर्णत्वाचे प्रमाणपत्र आणि स्टोव्ह बसवल्याची कागदपत्रे काढून पाहा. अलार्म आधीच असतील तर प्रत्येकाच्या मागच्या बाजूला छापलेली तारीख वाचा. धुराचा अलार्म दहा वर्षांनंतर बदलायचा असतो. कार्बन मोनॉक्साईडच्या अलार्ममधला विद्युत-रासायनिक संवेदक बनावटीनुसार पाच ते दहा वर्षे टिकतो. चाचणीचे बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे भोंगा आणि वीजपुरवठा ठीक आहे एवढेच सिद्ध होते, संवेदक अजून धूर किंवा वायू ओळखतो आहे याची खात्री त्या बटणातून मिळत नाही. तपासणीत मुदत उलटून गेलेला, पण बटण दाबताच मोठ्याने वाजणारा अलार्म वारंवार आढळतो, आणि घरातल्या सर्वांचा त्यावर पूर्ण विश्वास असतो.

कोणता अलार्म घ्यावा याबाबत विनियम बराच मोकळीक देतात. बॅटरीवरचा असो वा वीजजोडणीवरचा, कायद्याला दोन्ही चालतात. धुराच्या अलार्मवर बीएस ईएन १४६०४ आणि कार्बन मोनॉक्साईडच्या अलार्मवर बीएस ईएन ५०२९१ हे मानक छापलेले असले पाहिजे, एवढे पाहून घ्या. दोन्ही कामे करणारे एकत्रित उपकरणही मिळते. माझी शिफारस मात्र वेगळी आहे. लहान मुले असलेल्या तीन मजली घरात एकमेकांशी न जोडलेले अलार्म लावू नका.

याचे कारण साधे आहे. धुराचा अलार्म तीन मीटर अंतरावर किमान ८५ डेसिबल आवाज देतो, असे मानक सांगते. मात्र तो आवाज दोन जिने चढून आणि दोन बंद दारांतून जाईपर्यंत पुष्कळ मंदावतो. दिवाणखान्यात सोफ्याला आग लागली आणि तळमजल्याचा अलार्म लगेच वाजला, तरी पोटमाळ्यावर झोपलेल्या माणसाला तो ऐकू येईपर्यंत जिन्यात धूर भरलेला असू शकतो, आणि त्या खोलीतून बाहेर पडण्याचा मार्ग तोच जिना असतो. लहान मुलांची झोप तर इतकी गाढ असते की जवळ वाजणाऱ्या अलार्मनेही ती जागी होतीलच असे धरून चालता येत नाही. मुलांना जागे करायला मोठ्या माणसाने आधी जागे व्हायला हवे, म्हणून मोठ्यांच्या खोलीपर्यंत आवाज पोचणे हा यातला खरा मुद्दा आहे. एकमेकांशी जोडलेल्या अलार्मपैकी एक वाजला की सगळे वाजतात. त्यासाठी आता भिंती फोडून तारा टाकाव्या लागत नाहीत. रेडिओलहरींनी परस्परांशी जोडले जाणारे, दहा वर्षांची सीलबंद लिथियम बॅटरी असलेले संच मिळतात आणि ते छताला दोन स्क्रूंनी बसतात. तुमच्याकडे पोटमाळ्याच्या कामाच्या वेळच्या तारा असतील तर मात्र त्याच वापरा. वीजजोडणीवरचा अलार्म भाडेकरूला सहज निकामी करता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

जागांबद्दल मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इतक्या तपासण्यांत मला जितक्या चुका जागेच्या आढळल्या तितक्या संख्येच्या आढळल्या नाहीत. धुराचा अलार्म छतावर, शक्यतो जिन्याच्या मार्गावर आणि खोल्यांबाहेरच्या मोकळ्या जागेत बसवावा. भिंतीपासून आणि दिव्यापासून किमान ३० सेंटीमीटर दूर ठेवावा, कारण छत आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात हवा अडकून राहते आणि धूर तिथे उशिरा पोचतो. तळमजल्यावर तो स्वयंपाकघराच्या दाराला अगदी लागून ठेवू नका. फोडणीचा धूर किंवा करपलेला पाव यांनी रोज वाजणारा अलार्म महिन्याभरात छतावरून खाली येतो आणि त्याची बॅटरी रिमोट कंट्रोलमध्ये जाते. यात भाडेकरूला दोष देऊन काही साधत नाही. जागा आणि प्रकार निवडताना मालकाने विचार केला असता तर त्या माणसावर ती वेळ आली नसती. या जागांसाठी प्रकाशाच्या विखुरण्यावरून धूर ओळखणारा, म्हणजे ऑप्टिकल प्रकारचा अलार्म घ्या. किरणोत्सारी अमेरिशियम वापरणारे जुने आयनीकरण प्रकारचे अलार्म भडकत्या ज्योतीला चटकन प्रतिसाद देतात, पण स्वयंपाकाच्या धुराने ते सहज खोटे वाजतात आणि धुमसणारी गादी किंवा सोफा यांचा दाट धूर ओळखायला त्यांना जास्त वेळ लागतो.

स्वयंपाकघराच्या आत उष्णतेचा अलार्म लावावा. तो धुराकडे दुर्लक्ष करतो आणि छताजवळचे तापमान साधारण ५८ अंश सेल्सियसच्या आसपास पोचल्यावर वाजतो. इंग्लंडच्या विनियमांत त्याची सक्ती नाही, आणि मजल्यामागे एक अलार्म मोजताना तो धुराच्या अलार्मच्या जागी धरला जात नाही, त्यामुळे तो अधिकचाच समजावा. तुमच्या दिवाणखान्यात धुराचा आणखी एक अलार्म जोडावा असेही मी सुचवतो. असे केल्यास अलार्म पाचाऐवजी सात होतील, आणि त्यांपैकी धुराचे चार व उष्णतेचा एक असे पाच एकाच वेळी वाजतील. इलेक्ट्रिशियनशी बोलताना ‘एलडी-२’ दर्जाची मांडणी हवी असे सांगितले तर त्याला हे समजेल. फक्त मोकळ्या मार्गांवर अलार्म असण्याला ‘एलडी-३’ म्हणतात.

कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म कुठे असावा याबद्दल फार गैरसमज आहेत. हा वायू जड असतो म्हणून अलार्म जमिनीलगत लावावा, असे पुष्कळ जण समजतात. प्रत्यक्षात तो हवेपेक्षा किंचित हलका असतो आणि बॉयलर किंवा स्टोव्हमधून तो गरम हवेबरोबर वर चढतो. सरकारी मार्गदर्शिकेनुसार हा अलार्म भिंतीवर किंवा फळीवर, साधारण डोक्याच्या उंचीला, उपकरणापासून एक ते तीन मीटरवर असावा. पडद्यामागे, कपाटात, खिडकीच्या किंवा पंख्याच्या झोतात आणि थेट स्टोव्हच्या वर तो ठेवू नये. पुस्तकांच्या फळीवर मोकळा ठेवलेला अलार्म घर बदलताना कोणाच्या तरी सामानात निघून जातो, म्हणून मी तो भिंतीवर स्क्रूने पक्का करायला सांगतो.

कार्बन मोनॉक्साईडचे वैशिष्ट्य हे की त्याला रंग नाही, वास नाही आणि त्याने डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरून ठेवते. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, थकवा अशी लक्षणे असल्याने लोक त्याला साधा फ्लू समजून अंथरुणावर पडतात, म्हणजे ज्या घरात वायू आहे तिथेच अधिक वेळ थांबतात. एकाच घरातल्या सर्वांना एकाच वेळी त्रास होणे आणि बाहेर गेल्यावर बरे वाटणे ही यातली महत्त्वाची खूण आहे. अलार्म या वायूचे प्रमाण आणि किती वेळ झाला या दोन्हींचा हिशेब ठेवतो. दशलक्ष भागांत ३०० भाग इतके प्रमाण झाले तर त्याने तीन मिनिटांच्या आत वाजले पाहिजे, १०० भाग असल्यास दहा ते चाळीस मिनिटांत, ५० भाग असल्यास साठ ते नव्वद मिनिटांत, आणि ३० भागांवर तर दोन तासांच्या आत त्याने वाजूच नये असे मानक सांगते. याचा अर्थ असा की कमी प्रमाणात दीर्घकाळ झिरपणाऱ्या वायूविरुद्ध अलार्म हे पुरेसे संरक्षण नाही. ते काम उपकरणांच्या देखभालीनेच होते.

म्हणूनच गॅसची तपासणी आणि अलार्म या दोन स्वतंत्र जबाबदाऱ्या आहेत. भाड्याच्या घरातील गॅसच्या उपकरणांची दर बारा महिन्यांनी गॅस सेफ या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या अभियंत्याकडून तपासणी करून घेणे १९९८ च्या गॅस सुरक्षा विनियमांनुसार बंधनकारक आहे. त्या तपासणीची नोंद नव्या भाडेकरूला तो राहायला येण्यापूर्वी, आणि आधीपासून राहणाऱ्याला २८ दिवसांत दिली पाहिजे. लाकडाचा स्टोव्ह या तपासणीत येत नाही, आणि नेमका तोच सर्वांच्या विस्मरणात जातो. धुराडे वर्षातून किमान एकदा व्यावसायिकाकडून साफ करून घ्या, ते मोकळे असल्याचे प्रमाणपत्र ठेवा आणि सुके लाकूडच जाळावे असे भाडेकरूला लेखी सांगा. रात्री हवेची झडप पूर्ण बंद करून निखारे धुमसत ठेवणे विशेष धोक्याचे आहे, कारण अपुऱ्या हवेत जळणारे निखारे भरपूर कार्बन मोनॉक्साईड सोडतात आणि थंड होत चाललेल्या धुराड्याची ओढ कमी झालेली असते.

आता जबाबदारीविषयी. नवा भाडेकरार ज्या दिवशी सुरू होतो त्या दिवशी प्रत्येक अलार्म चालू स्थितीत आहे हे तपासणे मालकावर बंधनकारक आहे. आदल्या आठवड्यात एजंटाने घेतलेला फोटो यासाठी पुरेसा नाही. ताबा देताना भाडेकरूच्या समोर सगळी बटणे दाबा, सामानाच्या यादीत प्रत्येक अलार्मची जागा आणि मुदतीची तारीख लिहा आणि त्याची सही घ्या. त्याच भाडेकरूशी त्याच घराचा करार पुढे वाढवला तर ही पहिल्या दिवसाची चाचणी पुन्हा करावी लागत नाही, तरी करावी असे मी म्हणेन. त्यानंतर भाडेकरूने नियमितपणे, शक्यतो दर महिन्याला, बटण दाबून पाहावे आणि बदलता येणारी बॅटरी संपल्यास ती बदलावी अशी अपेक्षा असते. बॅटरी बदलूनही अलार्म चालत नसेल किंवा ती बदलणे त्याला शक्य नसेल तर त्याने मालकाला कळवावे. २०२२ पासून, असे कळवल्यावर आणि अलार्म नादुरुस्त आहे असे आढळल्यावर शक्य तितक्या लवकर तो दुरुस्त करणे किंवा बदलणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. सीलबंद बॅटरीचे अलार्म घेतले की बॅटरी कोणी बदलायची हा वादच उरत नाही.

नियम मोडल्याचे मानण्यास वाजवी कारण असेल तर स्थानिक काउन्सिल २१ दिवसांच्या आत सुधारणेची नोटीस बजावते आणि मालकाला २८ दिवस मिळतात. तेवढ्यात काम झाले नाही तर काउन्सिल राहणाऱ्याच्या संमतीने अलार्म स्वतः बसवून घेऊ शकते आणि मालकाला ५,००० पौंडांपर्यंत दंड करू शकते. भाडेकरू घरात येऊ देत नसेल तर न्यायालयात जाण्याखेरीज सर्व वाजवी प्रयत्न केल्याचे मालकाने दाखवावे लागते, म्हणून भेटीच्या वेळा मागणारे संदेश जपून ठेवा. याशिवाय २००४ च्या गृहनिर्माण कायद्याखाली काउन्सिल घरातील आगीचा आणि कार्बन मोनॉक्साईडचा धोका स्वतंत्रपणे तपासू शकते. त्यामुळे संख्येची अट पूर्ण केली म्हणजे कोणी काही विचारणार नाही, हा समज चुकीचा आहे.

दोन परिस्थितींत हे उत्तर बदलते. तुम्ही त्याच घरात राहून एखादी खोली भाड्याने दिली आणि राहण्याच्या जागा भाडेकरूसोबत वापरल्या, तर हे विनियम लागू होत नाहीत, पण आग कोणाचीही वाट पाहत नाही, म्हणून वरचे सगळे तिथेही करावे. याउलट पुढे कधी हेच घर कुटुंबाऐवजी एकमेकांशी नाते नसलेल्या तीन किंवा अधिक व्यक्तींना दिले आणि त्यांनी स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर सामाईक वापरले, तर ते एचएमओ, म्हणजे एकाहून अधिक कुटुंबांनी सामाईक वापरायचे घर, ठरते. पाच किंवा अधिक व्यक्ती झाल्यास परवाना सक्तीचा होतो आणि अलार्मच्या अटी काउन्सिल घालून देते. त्या अटी वरच्या किमान नियमापेक्षा बऱ्याच कडक असू शकतात.

मराठी मंडळींच्या गटांत फिरणारे सल्ले अनेकदा स्कॉटलंडचे किंवा वेल्सचे असतात, म्हणून तेही सांगतो. स्कॉटलंडमध्ये १ फेब्रुवारी २०२२ पासून मालक राहत असलेल्या घरांसह सर्व घरांत, सर्वाधिक वापराच्या बैठकीच्या खोलीत आणि प्रत्येक मजल्यावरच्या मोकळ्या मार्गात धुराचा अलार्म, तसेच स्वयंपाकघरात उष्णतेचा अलार्म आवश्यक आहे, आणि ते सर्व एकमेकांशी जोडलेले असले पाहिजेत. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला २०१७ मध्ये लागलेल्या आगीनंतर झालेल्या विचारातून हा बदल आला. वेल्समध्ये भाड्याच्या घरांत प्रत्येक मजल्यावर वीजजोडणीवरचे आणि परस्परांशी जोडलेले धुराचे अलार्म लागतात. ही व्यवस्था १ डिसेंबर २०२२ पासूनची आहे. उत्तर आयर्लंडनेही २०२४ मध्ये भाड्याच्या घरांसाठी स्कॉटलंडसारख्याच धर्तीचे नियम केले. इंग्लंड या तिघांच्या मागे आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तुम्हाला सुचवलेली मांडणी मी साधारण स्कॉटलंडच्या नमुन्यावर बेतली आहे.

येणाऱ्या कुटुंबात कोणाला ऐकू कमी येत असेल तर उशीखाली थरथरणारी पट्टी आणि लखलखणारा दिवा असलेला अलार्म मिळतो. हा प्रश्न करारापूर्वीच विचारा, लोक तो स्वतःहून सांगतातच असे नाही. घरात एक कागदही ठेवा आणि तो ताब्याच्या दिवशी त्यांच्यासोबत वाचा. धुराचा अलार्म वाजला तर सामान न घेता, दारे ओढून घेत बाहेर पडायचे आणि बाहेरून ९९९ वर फोन करायचा. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म वाजला तर जाता जाता शक्य तेवढी दारे-खिडक्या उघडायची, हाताशी असेल तर उपकरण बंद करायचे, सर्वांना बाहेर काढायचे आणि गॅसच्या आपत्कालीन सेवेला ०८०० १११ ९९९ या क्रमांकावर कळवायचे. कोणी बेशुद्ध असेल किंवा फार आजारी दिसत असेल तर आधी ९९९. डॉक्टरांकडे गेल्यावर अलार्म वाजल्याचे आवर्जून सांगायचे, कारण रक्ततपासणी लवकर झाली तरच त्यात हा वायू सापडतो, मोकळ्या हवेत काही तासांत त्याचे प्रमाण उतरते. अलार्म थांबला म्हणून बॉयलर पुन्हा सुरू करायचा नाही. गॅस सेफ अभियंत्याने तो तपासून दिल्यावरच सुरू करायचा, आणि स्टोव्हच्या बाबतीत धुराडे तपासून होईपर्यंत त्यात लाकूड घालायचे नाही.